चौदा नग, पंधरा नोंदी

ट्यूब फोडायला मी आधी शिकलो, दुरुस्त करायला नंतर.

१९९७ साली औंधच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचं सर्टिफिकेट घेतलं आणि पुण्यात, पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. दुकान टीव्हीचं, पण कॉम्प्युटरचे मॉनिटर नुकते येऊ लागले होते. पहिल्या दिवशी उस्तादांनी सोल्डरिंग आयर्नला हात लावू दिला नाही. मागच्या चौकात नेलं. तिथे हौदाशेजारी सात-आठ मेलेल्या पिक्चर ट्यूब भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. एकीवर त्यांनी गोणपाट टाकलं, मान तेवढी उघडी ठेवली. मानेच्या शेवटी पिनांच्या मधोमध काचेचं एक बारीक टोक असतं. "तोंड फिरव," म्हणाले, आणि पकडीने ते टोक मोडलं. फुस्स असा लांबलचक आवाज झाला, सायकल पंक्चर झाल्यासारखा. फक्त इथे हवा बाहेर जात नव्हती, आत शिरत होती.

"आता ही मेली," उस्ताद म्हणाले. "याच्या आधी हातातून पडली असती तर तुला घेऊन गेली असती."

मग योक काढायचा, म्हणजे मानेवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं जड कडं. योकचं तांबं दुकानाचं. ट्यूबच्या कडेने फिरवलेली डीगॉसिंगची कॉइल पोऱ्याची, म्हणजे माझी. तिच्यावरची टेप चौकातच जाळायची, तार मोकळी करायची आणि आठवड्याला भंगारवाल्याला घालायची. अलका टॉकीजच्या तिकिटाचे पैसे त्यातून सुटत. उरलेली काच कुणालाच नको असायची. ती हातगाडीवर घालून नदीकाठी भराव पडत असे तिथे ओतून यायचं, तेही काम माझंच, अंधार पडल्यावर. ओतताना आतून पांढरट भुकटी उडायची. पँट झटकायची आणि येताना गाडीवर वडापाव खायचा. हात धुतल्याचं आठवत नाही.

किती ट्यूब ओतल्या ते मोजलं नाही.

दुरुस्ती सुरू झाली ती भीतीपासून. रंगीत ट्यूबच्या अंगाला एक रबरी टोपी असते आणि तिच्याखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट. मॉनिटरचा प्लग काढला तरी ते जात नाहीत, कारण ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, दांड्याला वायर, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या वेणीला. डावा हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले तर करंटची वाट छातीतून जाते. टोपीखाली टोक सरकवलं की टक्. निळी ठिणगी. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, कारण रिकामी केलेली ट्यूब थोडा चार्ज परत गोळा करते. दुसरी टक् बारीक असते. ती न ऐकताच हात घालणारा एक मुलगा आमच्याकडे होता. शॉकने त्याला काही झालं नाही, पण झटक्यासरशी मागे आलेलं कोपर बाकाच्या कडेवर आपटलं आणि महिनाभर हात गळ्यात बांधून तो गिऱ्हाइकांच्या पावत्या लिहीत बसला.

मॉनिटर यायचे ते बहुतेक एकाच तक्रारीने: "थापड मारली की नीट होतो." थापड मारून नीट होणारं यंत्र म्हणजे ड्राय सोल्डर, हे शेंबड्या पोरालाही कळेल, कुठे आहे ते शोधण्याचे पैसे. निम्म्या वेळा तो एलओटीच्या पायाशी सापडायचा. हा ट्रान्सफॉर्मर वजनाला जड आणि कामाला गरम. रोज तापतो, रोज निवतो, आणि त्या ताणाने पायाभोवतीच्या कथलाला केसाएवढी गोल भेग पडते. भिंगातून पाहिली तर चंद्राला खळं पडतं तशी दिसते. जुनं कथील ओढून काढायचं, नवा डाग द्यायचा. दीडशे रुपये. मॉनिटर पुढे तीन-चार वर्षं सहज चालायचा. आयुष्यात मी जी काही कामं केली त्यांत या दीडशे रुपयांइतकं समाधानाचं काम दुसरं नाही. खर्च डाळीएवढ्या कथलाचा, आणि बारा किलोचं धूड भंगारात जायचं वाचायचं.

आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत एक डीटीपीवाले काका होते. श्री-लिपीवर दिवाळी अंक लावायचे. त्यांचा चौदा इंची मॉनिटर इतका मंद झाला होता की ते दिवसा खिडकीला चादर लावून काम करत. ऐन सप्टेंबरात मॉनिटर लुनाच्या मागे दोरीने बांधून घेऊन आले. ट्यूबची गन म्हातारी झाली होती, तिला इलाज नाही. पण हीटरला जे ६.३ व्होल्ट मिळतात ते किंचित वाढवले तर अशी गन काही महिने तरतरी दाखवते. मी म्हणालो, "काका, हे सलाईन आहे. औषध नव्हे."

"दोन अंक निघेपर्यंत टिकेल ना?"

टिकला. दिवाळीनंतर त्यांनी चिवड्याची पिशवी आणून दिली, आणि पुढच्या महिन्यात मॉनिटरही. या वेळी तो खरोखरच गेला होता. काकांनी विचारलं, "याचं आता काय करता हो तुम्ही लोक?" इतक्या वर्षांत हे विचारणारं ते पहिलं गिऱ्हाईक. मी म्हणालो, "ठेवून जा, बघतो." त्यांना वाटलं असणार, दुकानात त्याची काही तरी रीतसर सोय असेल. सोय म्हणजे हातगाडी होती.

पुढे पातळ स्क्रीन आल्या. एलसीडीचं दुखणं वेगळं. मॉनिटर सुरू होतो, दोन सेकंद चित्र दिसतं आणि अंधार होतो. गिऱ्हाईक म्हणतं, स्क्रीन गेली. खोलीतला दिवा घालवायचा आणि टॉर्च तिरपी धरून स्क्रीनवर मारायची. त्या काळ्यात चित्र पुसट दिसलं तर स्क्रीन ठणठणीत आहे, मागचा प्रकाश तेवढा गेला. मग पाठ उघडायची. पॉवर बोर्डावर चार-पाच कपॅसिटर फुगून बसलेले असतात, डोकं वर आलेलं, एखाद्याच्या टाळूवर तपकिरी चिकटा सुटलेला. पासोड्या विठोबापाशी जाऊन हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट, १०५ डिग्रीचे घेऊन यायचे. ८५ डिग्रीचे स्वस्त मिळतात, ते घेऊ नयेत. त्या डब्यातल्या उन्हाळ्यात वर्षभरात फुगतात. सगळे मिळून चहा-पोह्याच्या खर्चात बसतात. आणि तरीही मॉनिटर टाकले जायचे, कारण दुरुस्तीचे सातशे सांगितले की समोरचा मोबाईलवर नव्याची किंमत बघायचा. पॅनेलच तडकलं असेल तर मीही सांगतो, घालवू नका पैसे; नवं पॅनेल जवळपास नव्या मॉनिटरच्या भावात पडतं. पण फुगलेल्या कपॅसिटरपायी मॉनिटर टाकणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून अनवाणी घरी जाणं.

जुन्या एलसीडीत उजेडासाठी काडीएवढ्या बारीक ट्यूबलाइट असतात आणि त्यांत पारा असतो. काही मिलिग्रॅम, जास्त नाही. एकदा पॅनेल सोडवताना माझ्या हातून एक काडी मोडली आणि सवयीने मी केरसुणी उचलली. ते चुकलंच. झाडल्याने पारा पसरतो. खिडक्या उघडून आधी बाहेर निघायचं असतं, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपायचा आणि सगळं झाकणाच्या बाटलीत बंद करायचं. हे मला नंतर कळलं. माझ्या धंद्यात बहुतेक गोष्टी नंतर कळतात.

शिशाचंही तसंच. मी स्वतःचं दुकान टाकलं होतं आणि माळ्यावर मेलेल्या ट्यूब साठल्या होत्या. नदीवर ओतणं तोवर बंद केलं होतं. शहाणपणाने नव्हे, तिथे रस्ता झाला म्हणून. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि कुणाकडून तरी एका अधिकृत रिसायकलरचा फोन नंबर मिळाला. त्यांचा इंजिनिअर टेम्पो घेऊन आला. बोर्ड, तारा, योक यांचे पैसे देतो म्हणाला. ट्यूबकडे बघून मान हलवली. "काच घेऊ, पण तिचे तुम्ही द्यायचे."

मी हसलो. पंधरा वर्षं भंगारात घालवलेल्या माणसाला कचरा देऊन वर पैसे देण्याची कल्पना मुळात पचत नाही. मग तो माळ्याच्या शिडीवर बसून समजावू लागला. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळतात तेव्हा क्ष-किरण निघतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून मागच्या नाळक्याच्या काचेत शिसं घातलेलं असतं, तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर. समोरच्या काचेत शिसं घालत नाहीत, कारण त्या माऱ्याने शिशाची काच तपकिरी पडते. तिथे बेरियम, स्ट्रॉन्शियम. काच अख्खी आहे तोवर शिसं जागच्या जागी असतं. फोडली, चुरा झाला, त्यावर पाऊस पडत राहिला की ते सुटायला लागतं. "पूर्वी प्रश्न नव्हता," तो म्हणाला, "जुनी काच वितळवून नव्या ट्यूबची काच करत होते." आपल्याकडे गाझियाबादला, मोहालीला ट्यूब बनत, भरूचला त्यांची काच बनत असे. पातळ स्क्रीन आल्या, भट्ट्या बंद पडल्या, आणि शिशाच्या काचेचं जगातलं मुख्य गिऱ्हाईकच गेलं. म्हणून पैसे.

समोर बसून मॉनिटर बघणाऱ्याला वाचवायला घातलेलं शिसं, फोडणाऱ्याच्या वाट्याला आलं. तो टेम्पो गेल्यावर मी बराच वेळ मोरीत हात धूत होतो. त्याचा काही उपयोग नव्हता हे कळत होतं.

आता शाळेचं सांगतो. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, एक माध्यमिक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. शासकीय योजनेतून आलेले कॉम्प्युटर एका खोलीत बंद पडून होते आणि त्यांना त्या खोलीत अभ्यासिका करायची होती. मी म्हटलं, त्यात काय, भंगारवाल्याला बोलवा. बाई म्हणाल्या, "अहो, इतकं सोपं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता? जडसंग्रह नोंदवहीत आहेत ते."

जडसंग्रह नोंदवही हे प्रकरण ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगून कळणार नाही. शाळेतलं प्रत्येक टेबल, घंटा, नकाशा तिच्यात असतो, आणि एकदा तिच्यात शिरलेली वस्तू सहजासहजी मरू शकत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं. त्यासाठी समिती, समितीची सभा, सभेचं इतिवृत्त, निरुपयोगी असल्याचा दाखला, मग दरपत्रकं. बाईंना तो दाखला देणारा माणूस हवा होता.

गेलो. खोलीत उंदरांचा वास. मॉनिटरवर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेले. चौदा नग. वहीत पंधरा. "पंधरावा शोधतोय," बाई म्हणाल्या, आणि शिपाईमामा खिडकीतून बाहेर बघू लागले.

मी दोन दिवस तिथेच बाक मांडून बसलो. निरुपयोगी लिहून सही करायची तर आधी निरुपयोगी आहे का ते बघायला पाहिजे, एवढी लाज अजून शिल्लक आहे. दहावीची पोरं मधल्या सुट्टीत येऊन उभी राहायची. त्यांनी असला पोट सुटलेला मॉनिटर आयुष्यात पाहिला नव्हता. पहिला चालू केला तेव्हा डीगॉसिंगचा धुम्म आवाज झाला, चित्र थरथरलं, आणि पोरं मागे सरली. पूर्वी टीव्ही लागला की एक बारीक शीळ कानात यायची, सेकंदाला १५,६२५ कंपनांची. लहान मुलांना ती भिंतीपलीकडूनही ऐकू येई. मॉनिटरची निदान त्याच्या दुप्पट, ती कुणालाच येत नाही. पोरांना हे सांगत होतो तेव्हा लक्षात आलं की टीव्हीची तरी आता मला येईल का, शंकाच आहे.

तीन मॉनिटर उठले. एकाला एलओटीचा डाग, एकाचा फ्यूज, एकाला काहीच झालं नव्हतं, फक्त केबलची पिन वाकलेली. एक ऑफिसात कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला लावला, दोन मुलांच्या टायपिंगला. वीज जास्त खातात, कबूल. पण वीज खातात ती चालू असताना. टाकून दिलेला मॉनिटर खातो त्याचा मीटर कुणी लावत नाही. उरले अकरा.

दरपत्रकं तीन आली. दोन भंगारवाल्यांची, जास्तीत जास्त बोली मॉनिटरला सत्तर रुपये. तो माणूस मी समोर बसलो असताना आला होता. मॉनिटर न उघडता दोन्ही हातांनी उचलून आत किती तांबं आहे ते त्याने बिनचूक सांगितलं. असा हात माझ्या धंद्यातही थोड्यांचाच. मी विचारलं, "काचेचं काय करता?" म्हणाला, "काच सोडून देतो दादा." कुठे सोडतो ते मी विचारलं नाही. तिथून कऱ्हेचं पात्र लांब नाही. त्याच्या हातांवर पांढरे व्रण होते, काचेचे. माझ्याही आहेत.

तिसरं दरपत्रक रांजणगावकडच्या नोंदणीकृत रिसायकलरचं. सीपीयूचे पैसे देणार, मॉनिटरचे शून्य. काच सीपीयूच्या पोटात घालून फुकट नेतो, एवढीच मेहेरबानी. बाई हबकल्या. "ऑडिटला काय सांगू? सत्तर रुपये मिळत असताना शून्याला दिले?"

ही अडचण खरी आहे. सरकारी शाळेला जास्त बोलीला विकायची शिस्त, आणि योग्य जागी जाणाऱ्या वस्तूची बोली कमी. पुन्हा नियमांची भाषा बदलत राहते. २०१६ च्या नियमांत शिक्षणसंस्थांची मोठ्या ग्राहकांत नावानिशी गणना होती. १ एप्रिल २०२३ पासून जे नियम आले त्यांत मोठा ग्राहक म्हणजे वर्षात किमान हजार नग वापरणारा, त्यात ही शाळा बसत नाही. या नव्या पद्धतीत रिसायकलर जी प्रमाणपत्रं तयार करून कंपन्यांना विकतात ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यावर बेतलेली. काचेचं नाव तिथेही नाही. पण नोंदणी नसलेल्याने ई-कचरा फोडून माल काढणं नियमात बसत नाही हे पक्कं आहे. तेवढ्यावर समितीने इतिवृत्तात चार ओळी लिहिल्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीचं पान जोडलं, आणि गणिताच्या सरांनी सर्वांत खाली कंसात लिहिलं: नुकसान रुपये ७७०.

टेम्पोत खाली कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. मॉनिटर नेताना तोंडावर पालथे ठेवायचे, कारण वजन सगळं समोरच्या काचेत असतं आणि मान नाजूक असते. अकरा नग ओळीने पालथे पडल्यावर शिपाईमामा टेम्पोच्या फाळक्याला धरून उभे राहिले. मग बाईंकडे न बघता मला म्हणाले, "दादा, पंधराव्याचं सांगायचं हाय."

आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात खोली झाडताना त्यांच्या हातून तो पडला होता. पगारातून कापतील या भीतीने त्यांनी रात्री तो पाण्याच्या टाकीमागे, लिंबाच्या बुडाशी पुरला होता. प्लास्टिकचा डबा जाळून टाकला, तांबं विकलं, काच पुरली. आठ वर्षं झाली होती.

बाई काहीच बोलल्या नाहीत. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि मामांनी कुदळ आणली. हातभर खोल गेल्यावर समोरच्या काचेचे दोन मोठे तुकडे निघाले, मग पिनांसकट मान. पाठीमागची काच, जिच्यात शिसं असतं ती, खापऱ्यांसारखी बारीक झाली होती, आणि टाकी भरून वाहिली की पाणी नेमकं तिथूनच जायचं. मी हातमोजे घातले होते. मामांनाही द्यायला मी दुसरी जोडी आणली नव्हती, म्हणून त्यांना बाजूला बसवलं आणि एकट्याने वेचलं. ऊन चढेपर्यंत वेचत होतो. रंगाच्या रिकाम्या बादलीत भरून वर झाकण ठोकलं. दिवे घाट उतरताना बादली मी पायांत धरली होती.

हडपसर, वाघोली, शिक्रापूर करत रांजणगावला पोचायला दुपार झाली. आत एक मुलगा तापलेल्या तारेने ट्यूबच्या सांध्यावर रेघ मारत होता. थोड्या वेळाने टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि समोरची काच मागच्या काचेपासून सोलल्यासारखी अलग झाली. पडद्यामागची भुकटी त्याने व्हॅक्यूमने ओढून घेतली. त्याच्या तोंडाला मास्क होता, काचेच्या दोन जाती दोन वेगळ्या पिंपांत पडत होत्या. मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो.

काट्यावर अकरा मॉनिटर १३८ किलो भरले. मग बादली ठेवली. झाकण काढून, बादलीचं वजन वजा करून मुलाने आकडा लिहिला: साडेतीन किलो.

"काका, पंधरा इंची ना ही?" त्याने विचारलं. "एवढ्या ट्यूबला सहा-सात किलो काच निघते. बाकीची कुठंय?"

"लिंबाखाली," मी म्हणालो.

त्याला ते चेष्टेचं वाटलं असावं. हसून त्याने पावती फाडली आणि सहीसाठी माझ्यापुढे केली.